मोठं घर सोडल्यानंतर: जपलेल्या वस्तूंनी झोपायची खोली कशी लावावी

वाडा रिकामा करून, बंगला विकून किंवा मुलं परदेशी स्थिरावल्यावर लोक दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला येतात, तेव्हा सगळ्यात जास्त हाल होतात ते झोपायच्या खोलीचे. येणारे-जाणारे बघतील म्हणून हॉल नीट लावला जातो. स्वयंपाकघर अडून राहत नाही, ते पहिल्या दोन दिवसांत मार्गी लागतं. ज्याचं काय करायचं ते ठरत नाही ते सगळं बेडरूममध्ये जाऊन पडतं: सासूबाईंचा पलंग, दोन कपाटं, न उघडलेली खोकी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या तसबिरी. महिनाभरासाठी ठेवलेलं हे सामान वर्षानुवर्षं तिथेच राहतं, आणि आयुष्याच्या ज्या टप्प्यावर शांत झोप सगळ्यात मोलाची असते त्याच टप्प्यावर माणसं गोडाऊनमध्ये झोपू लागतात.

माझे आई-बाबा साताऱ्याचं घर आवरून पुण्यात आले, तेव्हा त्यांची खोली लावायचं काम माझ्याकडे आलं. पुढे नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांच्या खोल्यांना हातभार लागला. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. लहान खोलीत जुनी वस्तू टिकते ती तिला रोजचं काम असेल तरच. पलंगावर कोणी झोपतं, गोधडी कोणी पांघरतं, घड्याळात कोणी वेळ बघतं, म्हणून या वस्तू पुसल्या जातात आणि बिघडल्या तर दुरुस्त होतात. बिनकामाची वस्तू धूळ खाते, आणि तिच्याकडे बघून बरं वाटण्याऐवजी टोचणी लागते. पुढे जे सांगितलंय ते याच एका कसोटीवर उभं आहे.

सामान हलवण्याआधी: टेप, पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रं

नव्या खोलीची लांबी-रुंदी बिल्डरच्या नकाशावरून घेऊ नका. स्वतः जाऊन टेपने मोजा, कारण नकाशातले आकडे बहुतेक वेळा गिलावा आणि स्कर्टिंग धरून नसतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली दुसरी बेडरूम साधारण १० बाय ११ फुटांची निघते. त्यातून दाराचा पल्ला उघडायला लागणारी जागा, बाथरूमचं दार, खिडकी, बिल्डरने दिलेलं भिंतीतलं कपाट आणि विजेचे पॉइंट वजा केले की पलंगासाठी खऱ्या अर्थाने एक किंवा दोनच भिंती उरतात.

दिशेचं बंधन घरात पाळत असाल तर ते आत्ताच ठरवून टाका. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही हे कितीतरी घरांत पाळतात, आणि पलंग लावून झाल्यावर आजीने ते काढलं की सगळं पुन्हा हलवावं लागतं.

यानंतरची युक्ती अगदी साधी आहे, पण हिच्यामुळे खूप मनस्ताप वाचतो. जुन्या घरातला पलंग, कपाट, पेटी यांची मापं घ्या आणि तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून नव्या घराच्या रिकाम्या फरशीवर अंथरा. मग त्या खोलीत चालून बघा. दारातून आत या, खिडकीपर्यंत जा, बाथरूमला जा, कपाटाचं दार उघडल्यासारखं करून मागे सरका. पलंगाच्या बाजूने किमान दोन फूट वाट हवी, अडीच फूट असेल तर उत्तम. कोणी वॉकर वापरत असेल किंवा पुढे वापरायची शक्यता असेल तर ती वाट तीन फुटांची ठेवा. कागदावर पाय पडला तर उद्या त्याच जागी लाकडाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटणार. दोघंही साठीच्या पुढे असतील तर पलंग भिंतीला चिकटवू नका. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं, आणि जोडीदाराची झोप मोडू नये म्हणून माणूस लघवी दाबून पडून राहतो.

दारांची आणि लिफ्टचीही मापं घ्या. बेडरूमच्या दाराची चौकट तीन फुटांची दिसली तरी पल्ला उघडल्यावर मोकळी जागा त्याहून दोन-चार इंच कमी मिळते. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असं नेहमीचं लोखंडी कपाट आडवं करून आत जातं, पण पॅसेजमध्ये वळण असेल तर अडकतं. लिफ्टमध्ये मावणार नसेल तर जिन्याने न्यायची मजुरी वेगळी पडते. ती आधीच ठरवून घ्या.

काय आणायचं

दहा बाय अकराच्या खोलीत माझा हिशोब असा: मोठी वस्तू एक, मध्यम आकाराच्या दोन किंवा तीन, आणि बारीकसारीक वस्तू एका फळीवर मावतील तेवढ्याच. मोठी म्हणजे पलंग किंवा कपाट. दोन्ही जुनी आणायचा मोह होतो. शिसवी पलंग आणि आरशाचं सागवानी कपाट एकाच लहान खोलीत ठेवलं की दोन्ही गडद, दोन्ही नक्षीदार, आणि नजरेला टेकायला जागाच राहत नाही. एक जुनं ठेवा. दुसरं साधं, भिंतीच्या रंगात मिसळून जाणारं असू द्या.

निवड करताना नवरा-बायकोंनी आपापली यादी वेगवेगळी, एकमेकांना न दाखवता करावी. हे मी आग्रहाने सांगते. आमच्याकडे आईच्या यादीत पलंग नव्हताच. तिला हवी होती तिच्या आईने शिवलेली गोधडी आणि लग्नात मिळालेली पितळी डब्याची चवड. पलंग बाबांच्या जिव्हाळ्याचा होता. एकत्र बसून यादी केली असती तर आईने नेहमीप्रमाणे आपलं मागे ठेवलं असतं. दोन्ही याद्यांत असलेली वस्तू येणार हे नक्की. एकाच यादीत असलेल्या वस्तूंतून प्रत्येकाने आपल्या पहिल्या दोन निवडाव्यात.

मग प्रत्येक वस्तूला विचारा: या खोलीत तुझं काम काय? पत्र्याची ट्रंक उशाशी टेबल होऊ शकते. पाट भिंतीवर फळी होऊ शकतो. पितळी डबा चष्मा, गोळ्या आणि किल्ल्या ठेवायला होतो. तांब्या-फुलपात्र रात्रीच्या पाण्यासाठी. ज्या वस्तूला काम सापडत नाही तिची जागा हॉलमध्ये असू शकते किंवा दुसऱ्या कुणाच्या घरी.

बेडरूममध्ये काय आणू नये याबद्दल माझी मतं ठाम आहेत. हार घातलेला, गेलेल्या माणसाचा मोठा फोटो पलंगासमोर नको. तो हॉलमध्ये मानाने लावावा. खोलीत त्याच माणसाचा हसतानाचा, बागेत बसलेला, नातवाला कडेवर घेतलेला फोटो असावा. पुरस्काराच्या ढाली, सत्काराची मानचिन्हं, काचेतल्या बाहुल्या, बँकेच्या फायली यांनाही बाहेर काढा. कोर्टाचे किंवा मालमत्तेचे कागद जिथे दिसतात तिथे झोप लागत नाही.

जे येणार नाही त्याचं काय? नात्यात द्यायचं असेल तर हातीपायी धड असतानाच, स्वतःच्या हाताने, कुणाचं होतं हे सांगून द्यावं. वस्तूच्या पाठीमागे पेन्सिलने किंवा बांधलेल्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहा. विकायचंच असेल तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, पण तिथे न्यायच्या आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. जुन्या सागाची किंमत नक्षीपेक्षा लाकडाच्या घनफुटावर ठरवणारे बरेच भेटतात.

रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूला मोल आहे का अशी शंका येत असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक फेरी मारून या. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाला दिला. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. एका माणसाने आयुष्यभर जमवावं इतकं सौंदर्य या रोजच्या वस्तूंत होतं. तिथे अडकित्त्यांची रांग लागते. आपल्या खोलीत आजोबांचा एक अडकित्ता पुरतो.

पलंग

जुना पलंग आणायचं ठरलं तर त्यावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा, कारण झोप त्याच्यावर अवलंबून आहे.

आधी कीड बघा. पायाच्या आतल्या बाजूला, फळ्यांच्या खाली, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं तिथे टॉर्च मारा. टाचणीएवढी भोकं आणि त्याखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर भुंगेरा लागलेला आहे किंवा पूर्वी लागून गेला आहे. दोन्हींत फरक ओळखायला पलंग स्वच्छ झाडून खाली काळा कागद पसरा आणि दोन आठवडे थांबा. कागदावर नवा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला लागते, आणि सुताराने काटकसरीने ते वापरलेलं असेल तर नेमक्या त्याच पट्ट्या पोकळ होतात. औषधफवारणी जुन्या घरीच करून घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत पलंग तिथेच राहू द्या. वाळवी असेल तर भोकं नसतात. मातीच्या नळ्या दिसतात, आणि टिचकी मारली की लाकूड पोकळ वाजतं. वाळवीने खाल्लेला पाय दुरुस्त करत बसू नका, तेवढा भाग नवा करा.

पलंग सोडवताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकच खूण करा: १ ला १, २ ला २. हाताने घडवलेल्या पलंगाच्या चारही कोपऱ्यांची कुसं, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची टोकं, एकसारखी नसतात. चुकीच्या कोपऱ्यात ठोकून बसवलेलं कूस फाटतं आणि मग आयुष्यभर कुरकुरतं. लोखंडी आकडे आणि स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला बांधा.

कुरकुर थांबवायची असेल तर सांधा उघडून त्यावर मेण घासा आणि मग आवळा. तेल घालू नका. तेलाने धूळ धरते आणि पुढे कधी सरस लावायची वेळ आली तर तो चिकटत नाही.

पॉलिशवाला आला की तो बहुधा पीयू किंवा मेलामाईन ही रासायनिक पॉलिशं सुचवेल. ते टिकाऊ आहे, हे खरं. पण जुन्या पलंगांवर बहुतेक वेळा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने चढवलेलं पॉलिश असतं, आणि लाकडाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या दिसतात त्या त्यामुळेच. ओळखायची खूण: आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी रंग आला तर लाखच आहे. अशा पॉलिशवर पुन्हा लाखेचाच हात फिरवता येतो, सगळं खरवडावं लागत नाही. त्यावर गरम कप ठेवू नये, पांढरं वर्तुळ उमटतं. एवढंच पथ्य.

आता माप. जुन्या पलंगांचं माप घराघरात वेगळं असतं. आजच्या तयार गाद्या साधारणपणे ७२, ७५ किंवा ७८ इंच लांबीच्या आणि ३६, ४८, ६०, ७२ इंच रुंदीच्या मिळतात. दोन इंचांची फट राहत असेल तर तिच्यात उशी सरकते, हात अडकतो. गादी पलंगाच्या आतल्या मापानेच करून घ्या. कापसाची गादी पिंजून भरून देणारे अजून आहेत आणि हव्या त्या मापात देतात. कापूस दमट हवेत ओल धरतो, म्हणून गादीखाली सलग प्लायवूड टाकण्याऐवजी मध्ये बोटभर फटी सोडून पट्ट्या टाका.

उंची सगळ्यात महत्त्वाची. काठावर बसल्यावर दोन्ही पाऊलं जमिनीला सपाट टेकली पाहिजेत, म्हणजे गादीसकट साधारण १८ ते २० इंच. जुना पलंग स्वतःच तेवढा उंच असतो आणि त्यावर आठ इंची गादी टाकली की उतरताना पाय अधांतरी राहतात. अशा वेळी चार इंची गादी घ्या, किंवा पट्ट्या खालच्या पातळीवर बसवून घ्या. पाय कापू नका. कापलेला पाय परत येत नाही, आणि पलंगाचं सगळं प्रमाण बिघडतं. मच्छरदाणीचे दांडे असलेला पलंग असेल तर पंख्याच्या पात्यांचं अंतर बघून मगच दांडे चढवा. दांडे काढून जपून ठेवले तरी चालतं.

भिंत, रंग, उजेड

गडद लाकूड पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर कापल्यासारखं दिसतं आणि गडद भिंतीसमोर हरवतं. त्याला साथ देतात ते मातकट फिके रंग: साय, फिकी हळद, ओल्या वाळूचा, शेवाळी छटा असलेला राखाडी. दुकानातल्या पट्टीवरून रंग ठरवू नका. दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि ते सकाळी, दुपारी आणि रात्री खोलीतल्याच दिव्यात बघा.

दिव्यांच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो उजेडाची छटा सांगतो. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० घ्या. ६५०० चा निळसर पांढरा उजेड स्वयंपाकघरात ठीक आहे, पण त्यात शिसव काळं पडतं, पितळ फिकं होतं आणि डोळे टक्क उघडे राहतात. छताला एकच झगझगीत ट्यूब लावण्यापेक्षा दोन्ही उशांशी एकेक दिवा, वाचताना मानेला त्रास होणार नाही अशा उंचीवर, आणि त्यांचं बटण झोपलेल्या हाताला लागेल असं. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, एक मंद दिवा रात्रभर जळू द्या. सतरंजी किंवा गालिचा घालायचा तर खाली रबरी जाळी हवी, नाहीतर घालूच नका. या वयात पडणं परवडत नाही.

जुना पितळी दिवा विजेवर करायची हौस असेल तर तो भोक पाडून वायर घालून खराब करू नका. खाली बल्बाचा वेगळा ठोकळा ठेवून वर दिवा टेकवता येतो. धातूच्या अंगातून वायर जाणारच असेल तर अर्थिंग दिल्याशिवाय चालू करू नये, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्यावं.

तसबीर टांगण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारा. विटांच्या भिंतीत नेहमीची प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू धरतो. नव्या इमारतींत हलक्या राखाडी एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा खिळा आज बसतो आणि महिन्याभराने सैल होतो, म्हणून त्या ब्लॉकसाठी मिळणारे खास अँकर वापरा. ओतीव काँक्रीटच्या भिंती असतील तर हॅमर ड्रिल लागेल आणि खोबण काढायला सोसायटी परवानगी देणार नाही. उशाच्या वर जड, काचेची तसबीर कोणत्याही भिंतीवर नको. तिथे कापड लावा.

कापडं

गोधडीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण तिला नवं काहीच करावं लागत नाही. पलंगाच्या पायथ्याशी तिची घडी राहू द्या आणि रात्री पांघरा. आजीच्या नऊवारीच्या, आजोबांच्या धोतराच्या थरांवर धावदोरा घातलेली गोधडी ही पांघरायलाच शिवलेली असते. फ्रेममध्ये घातली तर तिची ऊब जाते. धुताना मशीन नको. टबात थंड पाणी, सौम्य साबण, पायाने हलकेच तुडवायची आणि न पिळता निथळू द्यायची. ओली गोधडी इतकी जड होते की एका दोरीवर टांगली तर जुने धागे स्वतःच्याच वजनाने तुटतात. दोन-तीन दोऱ्यांवर पसरा किंवा गच्चीवर चादर घालून तिच्यावर आडवी टाका. कुठे विरली असेल तर जुन्याच सुती साडीचा तुकडा लावून वरून त्याच दिशेने टाके घाला.

पैठणी, इरकली, जुन्या शालूंचं वेगळं. नेसण्यासारख्या असतील त्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि काठापदराची जर काळी पडते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण रेशीम त्याच त्या मोडीवर चिरतं. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोतच. वास रात्रभर श्वासात जातो, आणि घरात तान्हं बाळ मुक्कामाला येत असेल तर त्याला त्या वाफेपासून खरोखर धोका असतो. वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात, पण त्या कापडाला थेट लागू देऊ नयेत.

अंगाची चिरलेली पण पदर शाबूत असलेली साडी असेल तर तो पदर उशाच्या वरच्या भिंतीसाठी अगदी योग्य. धुतलेल्या जाड सुती कापडावर पदर बारीक टाक्यांनी शिवून घ्या. डिंक, फेविकॉल, दुहेरी चिकटपट्टी यांतलं काहीही लावू नका. वरच्या कडेला नेफा घालून लाकडी दांडीवर टांगा. काचेची फ्रेमच हवी असेल तर ती दुसऱ्या भिंतीवर लावा आणि फ्रेमवाल्याला काच कापडाला टेकणार नाही अशी मधली पट्टी घालायला सांगा. टेकली तर पावसाळ्यात आत बुरशी धरते. खिडकीसमोरची, थेट उन्हाची भिंत रेशमाला वर्ज्य.

फोटो

जुन्या घरात फोटो निघतात पेटीभर आणि लावायला जागा असते एका हाताची. मूळ फोटो लावूच नका. ते स्कॅन करा, छोट्या फोटोंसाठी ६०० डीपीआय, आणि प्रत लावा. त्यामुळे एक फायदा असाही होतो की सगळ्या प्रती एकाच मापाच्या, एकाच छटेच्या करता येतात आणि भिंत शांत दिसते. वेगवेगळ्या दशकांतले रंगीत, पिवळे पडलेले, कृष्णधवल फोटो शेजारी लावले की डोळे भिरभिरतात. मला स्वतःला सगळे कृष्णधवल करून, सारख्या पातळ लाकडी चौकटींत, एका ओळीत लावलेले आवडतात. चौकटींचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास ठेवा. पलंगावरूनच जास्त बघणार असाल तर आणखी थोडा खाली.

काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावा. ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो जितक्या लवकर सोडवाल तितकं बरं, तो चिकटपणा फोटो खातो. दातांचा फ्लॉस किंवा मजबूत रेशमी दोरा दोन हातांत ताणून फोटोच्या मागून करवतीसारखा सावकाश सरकवा, पान वाकवा, फोटो वाकवू नका. पाठीमागे नावं आणि साल मऊ पेन्सिलने लिहा. हे काम आई-वडिलांच्या शेजारी बसून करा. कोण कुठे उभं आहे ते सांगणारी माणसं आत्ता आहेत.

घड्याळ, पितळ आणि बाकीचं

लोलकाचं घड्याळ बेडरूममध्ये लावावं का? टिकटिक काहींना अंगाईसारखी लागते, काहींना अजिबात सहन होत नाही, म्हणून आधी आठवडाभर लावून बघा. रात्री बाराचे टोले मात्र कोणालाच नको असतात. तबकडीवर किल्लीची दोन भोकं असतील तर बहुधा उजवं वेळेचं आणि डावं टोल्यांचं असतं. टोल्यांची चावी दिलीच नाही की घड्याळ वेळ दाखवतं आणि गप्प राहतं. भिंतीवर लावताना पाणसळीपेक्षा कानावर भरवसा ठेवा. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं येईपर्यंत घड्याळ किंचित डावी-उजवीकडे सरकवा. ठोका लंगडा येत असेल तर ते तासाभरात बंद पडतं, आणि लोक समजतात घड्याळ बिघडलं.

पितळ बेडरूममध्ये थोडंच असावं. लखलखीत घासलेलं पितळ रात्रीच्या मंद उजेडातही चमकत राहतं. चिंचेने किंवा पितांबरीने वर्षातून दोनदा घासा, आंबट अंश राहू नये म्हणून भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. एरवी सुक्या फडक्याने पुसलं तरी पुरे. त्यावर चढणारा तपकिरी सोनेरी रंग खोलीत जास्त शोभतो. रोज पाणी प्यायच्या तांब्याचं मात्र रोजच्या रोज घासणं टळत नाही.

बारीक वस्तूंसाठी एकच फळी. जुन्या घरांच्या भिंतींत फडताळं आणि कोनाडे असायचे, ते काम इथे तीन फुटांची, सहा इंच खोल फळी करते. तिच्यावर पाच वस्तू मांडल्या की थांबा. अडकित्ता, दौत, डबी, छोटी तसबीर, एक गुळगुळीत दगड, जे काय असेल ते. मधे मोकळी जागा दिसली पाहिजे. उरलेल्या वस्तू पलंगाखालच्या ट्रंकेत सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि गुढीपाडव्याला व दिवाळीला साफसफाई निघते तेव्हा फळीवरच्या उतरवून ट्रंकेतल्या वर आणा.

लावायचा क्रम आणि पहिला पावसाळा

पहिल्या दिवशी फक्त पलंग, गादी, उशाचे दिवे आणि पडदे. त्या रात्री शांत झोप. दुसऱ्या दिवशी कपाट. भिंतीला भोक पाडायची घाई किमान दोन-तीन आठवडे करू नका. सकाळचं ऊन कुठे येतं, नजर कुठे जाते, रात्री हात कशाला लागतो हे राहिल्यावरच कळतं. तोवर तसबिरी जिथे लावायच्या त्या मापाचा कागद भिंतीला चिकटवून ठेवा आणि रोज बघा. महिन्यानंतरही जी खोकी उघडावीशी वाटली नाहीत ती बेडरूमबाहेर न्या.

जूनच्या आधी जुनं लाकूड बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल. फरशी पुसताना पलंगाच्या पायांना पाणी लागतं आणि तिथूनच लाकूड कुजायला लागतं, म्हणून पायांखाली रबरी किंवा नायलॉनच्या चकत्या बसवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या मिळतात. रंग बदलला की पुड्यावर लिहिलं असेल तसं तापवून पुन्हा वापरता येतात. तसबिरींच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंतीची ओल थेट लागत नाही. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरतात. कोरड्या मऊ ब्रशने, खिडकी उघडी ठेवून, नाकाला रुमाल बांधून झाडा, आणि ऊन पडेल त्या दिवशी वस्तू गॅलरीत सावलीला नेऊन ठेवा. थेट उन्हात लाकूड तडकतं. सप्टेंबर संपला की गाद्या आणि गोधड्यांना मात्र दोन दिवस कडक ऊन दाखवा, आणि त्याच वेळी पलंगाच्या पायांच्या आत पुन्हा एकदा टॉर्च मारून बघा.